स्वस्त वीज आता दिवसा

रात्रीची वीज स्वस्त, ही समजूत आता मागे पडत आहे. सौरप्रकल्पांची वीज दिवसा मुबलक असते. सायंकाळी ती ओसरते आणि नेमकी तेव्हाच मागणी वाढते. म्हणूनच केंद्र सरकारने २०२३ मध्ये सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद केली. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत लागू केली. २ किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला, की १ युनिट खर्च होते. ९ पूर्वीची आंघोळ मात्र सवलतीबाहेर राहते. दिवसा घर बंद ठेवणाऱ्या नोकरदारांनी किमान सुटीच्या दिवशी तरी धुणे, इस्त्री दुपारी उरकावी.