उसाच्या ट्रॉलीमागे रांगताना कारचा क्लच का जळतो? तो जास्त दिवस टिकवायचा तरी कसा?

गाळपाचा हंगाम सुरू झाला की माढा तालुक्यातल्या रस्त्यांचं रूपच बदलतं. पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे साखर कारखान्याकडे निघालेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मधूनच बैलगाड्या आणि त्यांच्यामागे अडकलेल्या कारची रांग. चार फूट पुढे जायचं, थांबायचं, परत चार फूट. अशा वेळी डावा पाय दुखतो हे सगळ्यांना कळतं. क्लच झिजतोय हे मात्र कळत नाही.

आणि मग एक दिवस अशाच ट्रॉलीला ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला जातो, इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी काही उचलत नाही. समोरून ट्रक येत असेल तर हा प्रश्न फक्त गॅरेजच्या बिलाचा राहत नाही.

क्लच नेमकं काय करतो?

गाडी जागेवर उभी असली, तरी चालू इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे मारत असतं. चाकं मात्र स्थिर असतात. फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं एकदम जोडली, तर गाडीला हिसका बसेल आणि इंजिन बंद पडेल. म्हणून ही जोडणी हळूहळू करावी लागते. क्लचचं काम तेवढंच.

इंजिनला एक जड चकती जोडलेली असते, तिला फ्लायव्हील म्हणतात. तिच्यासमोर असते क्लच प्लेट, जी गिअरबॉक्सला जोडलेली असते. प्रेशर प्लेट तिच्या जोरदार स्प्रिंगने या क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग हा स्प्रिंगचा दाब काढून घेतं. प्लेट मोकळी होते आणि इंजिनचा चाकांशी संबंध तुटतो. पेडल सोडलं की प्लेट परत घट्ट बसते.

मग झीज कधी होते?

दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबून ठेवा. काही होत नाही. आता तेच हात दाबून एकमेकांवर घासा. लगेच गरम होतील. क्लचचंही असंच आहे. पेडल पूर्ण सोडलेलं असताना प्लेट आणि फ्लायव्हील एकाच वेगाने फिरतात, म्हणून घर्षण नाही. पेडल पूर्ण दाबलेलं असतं तेव्हा प्लेट मोकळी असते. खरी झीज होते ती या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे ‘हाफ क्लच’मध्ये. तिथे प्लेट घासते, तापते आणि तिच्यावरचा थर कमी होत जातो. फार तापली तर जळका वास येतो.

म्हणजेच क्लच किती टिकेल हे किलोमीटरपेक्षा चालवणाऱ्याच्या पायावर जास्त अवलंबून असतं.

क्लच टिकवण्यासाठी काय कराल?

रांगेत थोडं अंतर ठेवा: पुढची ट्रॉली वीतभर सरकली की लगेच सरकू नका. पुरेशी जागा होऊ द्या. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी सावकाश जाऊ द्या.

पाय पेडलवर टेकवून ठेवू नका: पायाच्या हलक्या वजनानेही रिलीज बेअरिंगवर सतत भार येतो आणि प्लेट घसरू शकते. गिअर बदलून झाला की पाय बाजूला.

थांबल्यावर न्यूट्रल करा: मोडनिंबजवळच्या वरवडे टोलनाक्यावर रांग असो की सोलापुरातला सिग्नल, गिअर टाकून पेडल दाबून उभं राहू नका. त्याने बेअरिंग झिजतं.

चढावर हँडब्रेक वापरा: बरेच जण क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या खेळावर गाडी चढावर तोलून धरतात. क्लच जाळण्याचा याहून सोपा मार्ग नाही. हँडब्रेक ओढा आणि निघताना इंजिनने गाडी ओढायला सुरुवात केली की तो सोडा.

सुरुवात पहिल्याच गिअरमध्ये: दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलली तर प्लेट जास्त वेळ घासते. गाडीत माणसं आणि सामान भरलेलं असेल तेव्हा तर हे टाळाच.

उतारावर क्लच दाबून पेट्रोल वाचतं का?

नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन बहुतेक वेळा इंधन घेणंच थांबवतं. क्लच दाबला की मात्र इंजिनला चालू राहण्यासाठी इंधन लागतं. वर इंजिनचा ब्रेकसारखा मिळणारा आधारही जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

क्लच गेला हे कसं ओळखाल?

मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचे फेरे झपकन वाढले, पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. पेडल खूप वर आल्यावर गाडी उचलणं, गिअर टाकताना कटकट होणं किंवा पेडल दाबल्यावर घरघर ऐकू येणं, हीसुद्धा तपासणीची वेळ आल्याची लक्षणं. केबलचा क्लच असेल तर कधी कधी नुसतं ॲडजस्टमेंट करूनही भागतं, त्यामुळे आधी मेकॅनिकला दाखवा.

प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरीही बरीच लागते. ही साधी झीज असल्याने वॉरंटीतून भरपाई सहसा मिळत नाही. तोपर्यंत घसरणाऱ्या क्लचच्या भरवशावर ओव्हरटेक करू नका. ट्रॉलीमागे दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल.