कुंडीतील रोपे : शोभा आणि दक्षता

अंगणातील तुळशीवृंदावन आणि परसातील अळू, केळ, कर्दळ ही महाराष्ट्रातील घरांची जुनी ओळख आहे. अंगणे आक्रसत गेली तशी ही हिरवाई कुंड्यांच्या रूपाने ओटीवर, सज्जात आणि दिवाणखान्यात आली. शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये येथेही आता कुंड्या दिसतात. परंतु हौसेने आणलेली रोपे काही महिन्यांतच माना टाकतात, असा अनेकांचा अनुभव आहे. याचे कारण पुष्कळदा हयगय नसून पाण्याचा अतिरेक हे असते.

मुळांनाही हवा हवी

मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते व तीतील प्राणवायूवर मुळे जगतात. या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्यास मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे पाने कोमेजतात. ते पाहून आणखी पाणी घातले जाते आणि रोप दगावते. म्हणून मातीत बोट खुपसून पाहावे व वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात ही गरज वाढते, पावसाळ्यात बरीच कमी होते. कुंडीच्या तळाला छिद्र असावे व त्यावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा. माती, चांगले कुजलेले शेणखत व थोडी वाळू यांच्या मिश्रणातून पाण्याचा निचरा नीट होतो.

जागेची निवड

तुळस, गुलाब व जास्वंद यांना रोज काही तास ऊन लागते. दिवाणखान्यात ती खुरटतात. याउलट मनीप्लांट ही मूळची फ्रेंच पॉलिनेशियातील मूरेआ बेटावरील वेल. झाडांच्या आधाराने सावलीत वाढण्याची सवय असल्याने खिडकीजवळचा मंद उजेडही तिला पुरतो. डिफेनबाकियाची पाने शोभिवंत असली तरी त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होऊन सूज येते. बालवाडीत किंवा लहान मुलांच्या हाती लागेल अशा जागी हे झाड ठेवू नये.

बशीतील पाणी

कुंडीखालील बशीत साचणारे पाणी ही खरी काळजीची बाब आहे. डेंग्यू व चिकुनगुन्या यांचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती डास अशाच लहानशा साठ्यांत वाढतो. अनुकूल हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस पुरतात. मादी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या कडेवर अंडी घालते. ती कोरड्या स्थितीत कित्येक महिने टिकतात व पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. त्यामुळे बशी नुसती रिकामी करून भागत नाही. आठवड्यातून एकदा ती घासून, पुसून कोरडी करावी लागते. बाटलीतील मनीप्लांटचे पाणीही दर आठवड्यास बदलावे व बाटली आतून घासावी.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन आरोग्य यंत्रणा करीत असते. त्या दिवशी पाण्याच्या टाक्या व रांजणांबरोबर कुंड्यांच्या बशांचीही आठवण ठेवावी. शाळांतून हे काम विद्यार्थ्यांच्या गटांकडे सोपविल्यास रोपांचे जीवन आणि डासाचे जीवनचक्र हे दोन्ही धडे त्यांना प्रत्यक्ष पाहता येतील. पंचायत सदस्यांनी आपल्या कार्यालयाच्या दारातील कुंड्यांपासूनच याचा प्रारंभ केल्यास गावकऱ्यांना ते सांगणे अधिक सोपे जाईल.