इटलीचे हंगामी पंतप्रधान चांपी

बँकेचा मनुष्य आणि राजकारणाचा मनुष्य या दोन निराळ्या जाती मानण्याचा प्रघात सर्वत्र आहे. एकानें आश्वासनें मोजून द्यावयाचीं, दुसऱ्यानें तीं सढळ हातानें वांटावयाचीं. म्हणून एखादा देश जेव्हां मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नराला बोलावून राज्याचीं सूत्रें त्याच्या हातीं देतो, तेव्हां तेथील राजकीय पक्षांचें दिवाळें निघालें आहे असें खुशाल समजावें. १९९३ च्या एप्रिलांत इटलींत हेंच घडलें. कार्लो आझेल्यो चांपी हे बहात्तर वर्षांचे गृहस्थ त्या महिन्याच्या अखेरीस पंतप्रधान झाले. कायदेमंडळाच्या कोणत्याही सभागृहांत त्यांना जागा नव्हती. इटालियन प्रजासत्ताकाच्या इतिहासांत असा पंतप्रधान पूर्वीं झाला नव्हता.

चांपींचा जन्म ९ डिसेंबर १९२० रोजीं लिव्होर्नो या बंदरांत झाला. पुढें देशाची तिजोरी राखणाऱ्या या पुरुषानें अर्थशास्त्राची पदवी कधींच घेतली नाहीं, हें ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. पीसा येथील विख्यात विद्यालयांत त्यांनीं ग्रीक व लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास करून १९४१ सालीं पदवी मिळविली; कायद्याची पदवी युद्धानंतरची. मधलीं वर्षें लष्करांत गेलीं. सप्टेंबर १९४३ मध्यें इटलीनें शरणागति पत्करल्यावर उत्तरेंत मुसोलिनीचें नवें राज्य जर्मनांच्या आश्रयानें उभें राहिलें. त्याची चाकरी या तरुण लेफ्टनंटानें नाकारली. आब्रुत्सी प्रांतांतील स्कान्नो गांवीं त्यानें कांहीं महिने दडून काढले आणि मार्च १९४४ मध्यें बर्फानें भरलेला मायेला पर्वत पायीं ओलांडून तो दोस्तांच्या मुलखांत पोंचला. (त्याच पर्वताच्या पूर्वेस, सांग्रो नदीच्या खोऱ्यांत, चारच महिन्यांपूर्वीं मराठा पलटणीचे जवान जर्मनांशीं झुंजले होते.)

१९४६ सालीं चांपी इटलीच्या मध्यवर्ती बँकेंत नोकरीस लागले. आरंभीं शाखांतून काम, १९६० पासून रोम येथील संशोधन-खातें, आणि मग एकेक पायरी चढत १९७९ च्या ऑक्टोबरांत गव्हर्नरपद. हें पद त्यांना मिळालें तें मोठ्या दुःखद प्रसंगीं. त्याच वर्षीं मार्चमध्यें गव्हर्नर पाओलो बाफ्फी यांच्यावर खटला भरण्यांत आला व त्यांचे सहकारी मारिओ सार्चिनेल्ली यांना कैद झाली. आरोप पुढें निराधार ठरले. परंतु बाफ्फी पद सोडून गेले ते गेलेच. बँकेची अब्रू सांवरणें हें नव्या गव्हर्नराचें पहिलें काम होतें.

दुसरें काम महागाईचें. १९८० सालीं इटलींत भाव वर्षाला सुमारें २१ टक्क्यांनीं चढत होते. त्याचें एक कारण असें कीं, सरकार कर्जरोखे विक्रीस काढी आणि जे खपत नसत ते मध्यवर्ती बँकेला घ्यावे लागत. खरेदीचा पैसा अर्थात् नवा निर्माण होई. ज्या घरांत धन्याची उधारी मुनीमानेंच चुकती करावयाची, त्या घरांत काटकसर कोण करणार? १९८१ मध्यें अर्थमंत्री आंद्रेआत्ता आणि चांपी यांनीं हें बंधन काढून टाकलें. इटालियन लोक या घटनेला बँक व तिजोरी यांचा 'घटस्फोट' म्हणतात. महागाई उतरली, पण सरकारला आतां खऱ्या बाजारभावानें व्याज द्यावें लागलें. आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारें ६० टक्के असलेलें सार्वजनिक कर्ज १९९२ पर्यंत शंभराच्या वर गेलें. या वाढीचा दोष टीकाकार आजही त्या घटस्फोटाकडे देतात. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. व्याज वाढलें तें बँकेमुळें. खर्च मात्र कायदेमंडळानें आपखुषीनें वाढविला.

१९९२ हें वर्ष चांपींच्या आयुष्यांतील सर्वांत कडू होय. सप्टेंबरांत सटोडियांनीं लिरा या नाण्यावर धाड घातली. नाण्याची किंमत राखण्यासाठीं बँकेनें आपली परकीय गंगाजळी अक्षरशः ओतली, आणि अखेर लिराला युरोपीय विनिमय-व्यवस्थेंतून बाहेर पडावेंच लागलें. त्याच सुमारास मिलानमध्यें लांचलुचपतीची एक साधी चौकशी भराभर पसरत जाऊन पक्षामागून पक्ष तिच्यांत सांपडले. एप्रिल १९९३ च्या सार्वमतांत चार पंचमांशांहून अधिक मतदारांनीं जुन्या निवडणूकपद्धतीविरुद्ध कौल दिला. पंतप्रधान आमातो यांनीं राजीनामा दिला, आणि राष्ट्राध्यक्ष स्काल्फारो यांनीं चांपींना पाचारण केलें.

आरंभच अपशकुनी झाला. प्रधानमंडळाची शपथ होते न होते तोंच प्रतिनिधिगृहानें माजी पंतप्रधान क्राक्सी यांच्यावरील बहुतेक आरोपांबाबत खटल्याची परवानगी नाकारली, आणि चार मंत्री संतापानें बाहेर पडले. दुसरा एखादा पुढारी तेथेंच खचला असता. चांपींनीं जागा भरल्या आणि काम सुरू केलें. त्यांच्या हंगामी कारभाराचें बळ येथेंच होतें. स्वतःचा पक्ष नाहीं, पुढील निवडणुकींत उभें राहावयाचें नाहीं, आणि आपण कशासाठीं आलों व केव्हां जाणार हें सर्वांस ठाऊक. अशा मनुष्याशीं वाद घालतां येतो; त्याच्या हेतूबद्दल शंका घेणें कठीण जातें.

जुलै १९९३ मध्यें कामगारसंघ, मालक आणि सरकार यांच्यांत ऐतिहासिक करार झाला. महागाई वाढली कीं वेतन आपोआप वाढावयाचें, ही पद्धत आदल्या वर्षींच बंद झाली होती. आपल्याकडील महागाई-भत्त्याचेंच तें इटालियन रूप. आतां वेतनाची बोलणीं अपेक्षित महागाईचा आंकडा समोर ठेवून व्हावयाचीं, असें ठरलें. ऑगस्टांत नवा निवडणूक कायदा मंजूर झाला. तीन चतुर्थांश जागा एकेका मतदारसंघांतून, उरलेल्या पक्षांच्या मतांच्या प्रमाणांत. कायद्याचे प्रवर्तक सेर्जिओ मात्तारेल्ला यांच्या नांवानेंच तो ओळखला जातो.

पण हा उन्हाळा केवळ कायद्यांचा नव्हता. मे महिन्यांत फ्लॉरेन्स येथें बाँबस्फोटांत पांच माणसें ठार झालीं. २७ जुलैच्या रात्रीं मिलानमध्यें आणखी पांच बळी पडले आणि रोमच्या दोन प्राचीन चर्चांजवळ स्फोट झाले. त्याच रात्रीं पंतप्रधानांच्या कचेरीचे टेलिफोन कित्येक तास मुके झाले. समुद्रकांठीं विश्रांति घेत असलेले चांपी मोटारीनें रातोरात राजधानींत परतले. आपल्याला त्या वेळीं सत्ता उलथविण्याच्या कटाची भीति वाटली होती, असें त्यांनीं पुढें उघड सांगितलें. स्फोट माफिया टोळ्यांनीं घडविले हें न्यायालयांत सिद्ध झालें.

१३ जानेवारी १९९४ रोजीं, नेमलेलें काम संपतांच, चांपींनीं राजीनामा दिला. मार्चमध्यें निवडणुका होऊन नवें सरकार येईपर्यंत ते नित्याचा कारभार पाहत राहिले, आणि मे महिन्यांत बेर्लुस्कोनी यांच्या हातीं सूत्रें देऊन घरीं गेले. या उदाहरणाला वाईट बाजूही आहे. पक्षांना पेंच पडला कीं बँकेच्या दाराशीं जाण्याची इटलीला संवय लागली: १९९५ मध्यें त्याच बँकेचे दीनी पंतप्रधान झाले, २०२१ मध्यें द्रागी.

चांपी मात्र घरीं फार दिवस राहिले नाहींत. १९९६ मध्यें ते प्रोदी यांच्या मंत्रिमंडळांत अर्थखातें सांभाळूं लागले. त्या वर्षीं राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारें ७ टक्के असलेली तूट १९९७ मध्यें २.७ टक्क्यांवर आली. त्यासाठीं लोकांवर एक खास कर बसविण्यांत आला व त्याचा कांहीं भाग मागाहून परतही करण्यांत आला. मे १९९८ मध्यें इटलीला युरो-मंडळांत प्रवेश मिळाला. एक वर्षानें, १३ मे १९९९ रोजीं, पहिल्याच मतदानांत ७०७ मतें मिळून चांपी राष्ट्राध्यक्ष झाले. २ जूनचा प्रजासत्ताक दिन पुन्हां सार्वजनिक सुटीचा व्हावा यासाठीं त्यांनीं खटपट केली, आणि २००३ मध्यें सरकारनें मंजूर करून घेतलेला नभोवाणी-दूरचित्रवाणीचा कायदा सही न करतां कायदेमंडळाकडे परत पाठविला.

२००६ मध्यें त्यांना दुसऱ्यांदा अध्यक्षपद स्वीकारण्याचा आग्रह झाला. पूर्वींचा एकही राष्ट्राध्यक्ष पुन्हां निवडला गेलेला नाहीं आणि सात वर्षांचा काळ तसाही दीर्घच आहे, असें सांगून त्यांनीं नकार दिला. १६ सप्टेंबर २०१६ रोजीं, वयाच्या ९५ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. तो दंडक त्यांच्या हयातींतच, २०१३ मध्यें, नापोलितानो यांच्या फेरनिवडीनें मोडला. २०२२ मध्यें तो पुन्हां मोडला, तेव्हां दुसऱ्यांदा निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष होते सेर्जिओ मात्तारेल्ला.