तंबूतली रात्र आणि धरणाचं पाणी

थंडी सुरू झाली की वस्तीत एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो विहाराच्या पायरीवरच आला. लालबागच्या एका ताईंचा मुलगा आणि त्याचे दहा मित्र पवनेला निघाले होते. माणशी हजार-बाराशे रुपये, पाण्याकाठी तंबू, रात्री शेकोटी आणि शेगडीवर भाजलेलं चिकन, सकाळी पोहे. ताईंनी विचारलं, "पाठवू का हो सिस्टर?"

आम्ही म्हटलं, पाठवा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत वाढलेल्या पोरांनी एक रात्र उघड्या आभाळाखाली का काढू नये? फक्त निघायच्या आधी सगळ्यांना अर्धा तास आमच्याकडे बसवा. त्या अर्ध्या तासात जे बोललो तेच इथे लिहीत आहोत. आता मुलीही अशा सहलींना जातात, त्यांनीही वाचावं.

आधी विचारलं, पोहता किती जणांना येतं? चार हात वर झाले. एक दादरच्या तरणतलावात शिकलेला, दोघे गावच्या विहिरीत, आणि चौथा म्हणाला, "चौपाटीला जातो की नेहमी." म्हणजे तोही नाहीच.

पवना, मुळशी, भंडारदरा यांना आपण सहज 'लेक' म्हणतो, पण ही सगळी धरणं आहेत. आज जिथे पाणी आहे तिथे कधीकाळी शेतं, ओढे, घरं होती. पवनेच्या पाण्यात वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. पावसाळ्यानंतर ते बुडालेलं असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. अख्खं देऊळ पोटात घेणाऱ्या पाण्यात बांध, खड्डे, झाडांची खोडं किती असतील याचा विचार करा. काठावर गुडघाभर पाणी लागतं, चार पावलांवर जमीन एकदम खाली जाते. तळाशी गाळ, त्यात पाय रुततो. तरणतलावाचा तळ सपाट असतो, हात धरायला कठडा असतो. इथे यातलं काही नाही.

अशा ठिकाणी बऱ्याचदा एकामागून एक बुडतात. एक जण खाली जातो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. म्हणून मित्र बुडताना दिसला तरी उडी मारू नका. दोरी फेका, एकमेकांना बांधलेल्या चादरी फेका, लांब काठी द्या, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेका. तो कॅन माणसाला तरंगत ठेवतो. सहलीला निघताना एक लांब दोरी बॅगेत टाकायला फार खर्च येत नाही. बोटीत बसायचं तर लाइफ जॅकेट अंगात घालून आणि पट्टे आवळूनच बसा, मांडीवर ठेवून नको.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून गरगर फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढायचं नाही. यात वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात शिरतं. श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून आधी तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून 30 वेळा जोरात दाबा, दोन इंच खोल, सेकंदाला साधारण दोन वेळा. पुन्हा 2 श्वास, पुन्हा 30 दाब. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याने घ्यावं. आम्ही पोरांकडून हे उशीवर करून घेतलं. सुरुवातीला हसत होते, दोन मिनिटांत घाम फुटला. शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

दारूबद्दल पोरं आमच्या तोंडाकडे बघत होती. पाचवं शील त्यांना पाठ आहे, ते पुन्हा म्हणून दाखवायची गरज नव्हती. सिस्टर म्हणून एवढंच सांगितलं: प्यायलेल्या माणसाला पाणी किती खोल ते कळत नाही, थंडी किती लागतेय तेही कळत नाही आणि गुदमरताना त्याला जाग येत नाही.

गुदमरण्याचं सविस्तर सांगायला हवं, कारण हे फार कमी जणांना माहीत असतं. रात्री दोन-तीनला गारठा पडतो. शेगडीत निखारे उरलेले असतात. कोणाच्या तरी डोक्यात येतं, धूर तर नाही, ठेवू तंबूत ऊबेला, आणि चेन लावून सगळे झोपतात. निखाऱ्याचा धूर दिसत नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने खोकला येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. छाती वरखाली होत असते, पण मेंदूला प्राणवायू पोचत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, हातपायांतली ताकद जाते. जागा असलेला माणूस बाहेर तरी येईल, झोपलेला झोपेतच जातो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने बेशुद्ध झालेली माणसं आम्ही वॉर्डात पाहिली आहेत. कारण हेच.

म्हणून शेगडी, निखारे, स्टोव्ह यांपैकी काहीही तंबूत नको. थोडी चेन उघडी ठेवली तर चालेल का, असं एकाने विचारलं. नाही चालणार. गाडीत इंजिन चालू ठेवून, एसी लावून झोपणंही तितकंच धोक्याचं. एकाच तंबूतल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर अपचन समजू नका. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि दवाखाना गाठा.

आता मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. त्याचे दात बारीक, दुखत जवळजवळ नाही, सूज येत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. तंबूत झोपलेल्याच्या पापण्या सकाळी उघडत नसतील तर ती झोप समजू नका. तंबूची चेन रात्रभर पूर्ण बंद ठेवा. खाण्याचं सामान आत नको, त्यावर उंदीर येतात आणि उंदरामागे साप. लघवीला जाताना टॉर्च आणि बूट, बूट आधी झटकून.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अंगठी, कडं, पायातला दोरा काढा. हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, चालवू नका, चावल्याची वेळ लक्षात ठेवा. मांत्रिकाकडे तर परळच्या माणसाने जाऊच नये. आपल्या दारातल्या हाफकिनचं नाव सर्पदंशाच्या लशीशी जोडलेलं आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर ती एकच लस चालते, आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते. विंचू चावून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर तेही तातडीचं आहे. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन ही गोळी वापरात आणली. त्याआधी या दंशाने पुष्कळ माणसं, त्यातही लहान मुलं, दगावत.

परळ-लालबागमध्ये राहून आपल्याला एक सवय लागली आहे. केईएम, वाडिया, टाटा सगळं चालत जाण्याजोगं. पवनेला रात्री रस्ता अंधारा, वळणाचा, आणि फोनला रेंज कधी असते कधी नसते. 108 फुकट आहे, पण फोनवर पहिला प्रश्न येतो, कुठे आहात? "लेकच्या बाजूला" म्हटल्यावर गाडी कुठे पाठवणार? पोचल्यावर लगेच गावाचं नाव, तंबूवाल्याचं नाव आणि नंबर कागदावर लिहा. एक कागद आपल्याजवळ, तेच घरी मेसेज करा. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, हे तंबूवाल्याला दिवसाउजेडी विचारून ठेवा. बरेचसे तंबूवाले तिथल्याच गावांतले असतात, त्यांना माहीत असतं.

ताईंचा मुलगा रविवारी परतला. शेगडी रात्रभर बाहेरच ठेवली म्हणाला, आणि थंडीने दात वाजले, ही तक्रार आमच्याकडेच केली. पुढच्या वेळी माणशी एक गोधडी जास्त न्या, तंबूच्या तळाला जाड सतरंजी घाला, आणि कानटोपी विसरू नका.