ठरावाची वही कुणाच्या हातात?

तळा तालुक्यातल्या कुडे गावाजवळ डोंगरात बौद्ध लेणी आहेत. एकूण सव्वीस. समोर मांदाडची खाडी पसरलेली. आपल्यापैकी बरेच जण मुलाबाळांना घेऊन तिथे जातात, वंदना घेतात, डबा खातात आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत फिरतात. पण लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत जे कोरले आहे ते थांबून पाहणारे थोडे. कुणी काय दान दिले, दान देणारा कोण, कुठला, कुणाचा मुलगा, कुणाची पत्नी हे तिथे नोंदवलेले आहे. महाभोजांच्या घराण्यातली मोठी माणसे आहेत. त्यांच्याच शेजारी कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, फुलांचा धंदा करणारे माळी आहेत, भिक्खुणी आहे. डोंगरात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्या काळच्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हणत.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या माळ्याचे नाव आज वाचता येते, कारण ते लिहिले गेले. आणि त्याच खोऱ्यातल्या आपल्या वाडीतल्या आजोबांनी पन्नास वर्षे कसलेल्या तुकड्यावर त्यांचे नाव शोधायला जावे, तर सातबाऱ्यावर ते सापडेलच असे नाही.

कोकणात पाऊस काही कमी पडत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळते आणि तरीही एप्रिल-मे आला की वाड्यावस्त्यांवर हंडे घेऊन बाया निघतात. पाणी डोंगरावरून खाडीला जाते. ते कुठे अडवायचे, बंधारा कुणाच्या वाडीजवळ बांधायचा, विहीर कुठे खोदायची, नळाची लाईन आधी कुठल्या आळीला न्यायची, हे कुणीतरी ठरवत असते. ठरवणारा जो असतो, त्याच्या अंगणात नळ आधी येतो. आपली वस्ती बहुतेक गावांत टोकाला, त्यामुळे पाईप आपल्यापर्यंत येईतो निधी संपलेला असतो. हा अनुभव मी एकट्याने घेतलेला नाही, वाचकांपैकी अनेकांनी घेतला असेल.

ही गोष्ट नवी नाही. तळ्यापासून महाड काही लांब नाही. सार्वजनिक पैशाने बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे मंडळात मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. म्हणजे कागदावर चवदार तळे आपले झाले होते! पण १९२७ सालच्या २० मार्चला बाबासाहेब हजारोंच्या समुदायासह तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्याले, तोवर त्या ठरावाचे पाणी कुणाच्या घशाखाली उतरले नव्हते. पुढे सनातन्यांनी कोर्टात दावा लावला. तळे खाजगी मालकीचे, आणि अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची पूर्वापार रूढी, असे त्यांचे म्हणणे. ही लढाई दहा वर्षे चालली. १९३७ साली १७ मार्चला हायकोर्टाने निकाल दिला की अशी अनादी काळापासूनची रूढी सिद्ध होत नाही. आपण सत्याग्रहाची आठवण दरवर्षी काढतो आणि कोर्टकचेरीची दहा वर्षे विसरतो. त्या दहा वर्षांत जुने कागद, नकाशे, नगरपालिकेची दप्तरे काढावी लागली. तळे कुणाचे, हा प्रश्न कागदाने सोडवावा लागला.

जमिनीचेही तसेच. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत खोत होता. सरकारचा सारा गोळा करणारा हा मध्यस्थ हळूहळू गावाचा धनी झाला. कूळ राबायचे, धान्य खोताच्या घरी जायचे, वर वेठबिगार. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन कसायला नकार दिला. त्या काळात बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे बिल विधिमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात कुणबी होते, आगरी होते, महार होते. बिल त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. महारवतनाचा शेवट व्हायला आणखी उशीर लागला. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. वतनाची जमीन परत मिळाली, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नाही अशा शर्तीवर. आज सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा जो शब्द दिसतो, त्याचा अर्थ घरातल्या सुशिक्षित मुलांनी आईबापांना समजावून सांगितला पाहिजे. परवानगी न घेता कुणी दलाल 'साठेखत' करून घेत असेल तर सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

आता तळा तालुक्याचे बघा. १९९९ साली माणगावातून वेगळा होऊन हा तालुका झाला. २०१२ च्या सुमारास दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या दिघी बंदर औद्योगिक क्षेत्रासाठी माणगाव, रोहा आणि तळा तालुक्यांतल्या जमिनी घेण्याची हालचाल सुरू झाली. औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६१ च्या कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली नोटिसा निघतात. शेतकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे निघाले, सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटना रस्त्यावर उतरल्या. कुणी म्हणाले कारखाने येऊ द्या, पोरांना नोकऱ्या लागतील. त्या बोलण्यातही तथ्य नाही असे नव्हे. मुंबईच्या गिरण्या बंद झाल्यावर गावी परतलेल्या घरांना हे चांगले कळते. पण नोटीस येते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. जो अर्धेलीने कसतो, जी बाई लावणीला आणि कापणीला मजुरीने जाते, जो खाडीत मासे धरतो, ज्याच्या गुरांना गायरानाशिवाय आधार नाही, त्याला कोण विचारणार? पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ ला महामुंबई सेझसाठी २२ गावांत सरकारने लोकांचा कौल घेतला. आपल्याच जिल्ह्यात हे घडले याचा अभिमान जरूर वाटावा. परंतु कौल विचारला गेला तो जमीनधारकांना. भूमिहीन त्या रांगेत नव्हता.

२०१३ चा भूसंपादन कायदा या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. बाधित कुटुंबांत त्याने कुळे, शेतमजूर आणि कारागीर यांनाही धरले आहे, संपादनापूर्वीची तीन वर्षे ते तिथे राबत असतील तर. पण ही तीन वर्षे सिद्ध कशाने करायची? पुन्हा कागद!

म्हणून ग्रामसभा. कायद्याने ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते, सर्वसाधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. नेहमीच्या सभेपूर्वी बायांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, जे कमी असेल तेवढी हजर लागतात. तेवढी नसली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. ही फट ओळखणारे पुढारी पहिल्या सभेला माणसे जमवतच नाहीत. दुसऱ्या सभेला पाचदहा जण बसतात आणि गायरान कुणाला द्यायचे ते ठरते. काही ठिकाणी तर शिपाई वही घेऊन दारोदार फिरतो आणि आपल्या बाया चुलीपाशी बसल्या बसल्या अंगठा देतात. सभा झालीच नाही, तरी ठराव मात्र 'सर्वानुमते' मंजूर!

यात आपला चाकरमानीही निर्दोष नाही. त्याचे नाव मुंबईच्या मतदार यादीत, त्यामुळे गावच्या ग्रामसभेत त्याला मत नाही. मे महिन्यात येतो, मंडळाच्या बैठकीत जोरात बोलतो, बुद्धविहाराला वर्गणी देतो, जूनला परत. ग्रामसभेत मत आहे ते वाडीवर राहिलेल्या त्याच्या आईला, भावजयीला. तिला सभेची तारीख फोन करून सांगणे, काय विचारायचे ते आदल्या रात्री समजावणे, एवढे मुंबईहून नक्की होऊ शकते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. ते गेल्या वर्षी कुठे गेले, एवढा एकच प्रश्न तिने विचारला तरी सभेतले अर्धे लोक खुर्चीत सावरून बसतील. उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकारात ठरावाची नक्कल मागता येते. तळा गावाची मात्र आता नगरपंचायत झाली आहे, तिथे ग्रामसभा नाही. तिथल्या बांधवांना नगरसेवकालाच धरावे लागेल.

राहिले जंगल. राबासाठी पालापाचोळा, चुलीला लाकूड, गुरांना चारा, पावसाळ्यात रानभाजी, हे सारे आपण रानातूनच आणतो, पण हक्क म्हणून नव्हे, गार्डाची नजर चुकवून. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींबरोबर 'इतर पारंपरिक वननिवासी' आहेत. अट कठीण आहे: तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे राहून जंगलावर जगल्याचे दाखवायचे. शेजारच्या कातकरी वाडीची दळीची जुनी नोंद असते, आपली अशी नोंद क्वचित. तरी वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही नियमांत पुरावा धरला आहे, आणि दावा पहिल्यांदा ग्रामसभेपुढेच जातो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावाने २००९ साली १८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. त्या गावात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात आणि सभेआधी अभ्यासगट बसतो. कातकरी आणि बौद्ध वाडीने मिळून एक दावा करावा असे मला वाटते. आजवर सणासुदीलाही एकमेकांकडे न गेलेल्यांना ते अवघड जाईल, हेही खरे.

वाडीत ऐंशीच्या पुढचे कुणी आजी-आजोबा असतील, तर या पावसाळ्यात त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कुठल्या ओढ्याचे पाणी प्यायचो, कुठल्या दरीत गुरे नेत होतो, लाकूड कुठून आणत होतो, स्मशान पूर्वी कुठे होते, हे विचारून घ्या. खाली तारीख घाला आणि त्यांची सही किंवा अंगठा घ्या.