खेड्यातलं पोर आपसूक काटक असतं?

"आमचं पोर खेड्यातलं. त्याला कशाला वेगळा व्यायाम?" नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, हा समज फार घट्ट आहे. शाळेला पायी जायचं आणि सुट्टीत विहिरीत पोहायचं, अशी रीत होती तोवर तो खराही होता. आता दारात शाळेची गाडी येते आणि संध्याकाळी हातात मोबाइल येतो. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याशी चढउतार करत वाढणारं पोर आणि नगर शहरातल्या सावेडीत तिसऱ्या मजल्यावर राहणारं पोर यांचे दिवस वेगळे असतील. पण पत्ता बघून तब्येत कळत नाही. दिवसभरात ते किती हललं, हे बघावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी प्रमाण सांगितलं: रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस जोरकस हालचाल, तसंच हाडं-स्नायू बळकट करणारे खेळ. हे ऐकून पालक म्हणतात, एवढा वेळ कुठून आणायचा, मैदान कुठे आहे? पण हा तास सलगच हवा, अशी अट नाही. सकाळी थोडे सूर्यनमस्कार, शाळेतून आल्यावर दोरीच्या उड्या, जेवणाआधी लंगडी, असे तुकडे जोडले तरी चालतात. लंगडीला आणि ठिक्करला चार फरशा पुरतात. फुगडीला तर दोन हात मोकळी जागा पुष्कळ झाली. आजीला मंगळागौरीचे खेळ येत असतील, तर नातवंडांना ते तिनेच शिकवावेत. झिम्म्यात पाय, हात, श्वास, ताल सगळंच कामाला लागतं.

"पोरींनी उड्या मारू नयेत" हेही अजून कानावर येतं. याला काही आधार नाही. उडी मारून पाय टेकला की हाडावर भार येतो, आणि वाढत्या वयातलं हाड त्या भारानेच बळकट होतं. मुलीला तर पुढच्या आयुष्यासाठी या हाडांची फार गरज आहे.

आणखी एक समज मला जास्त टोचतो: "काम करतं की, तोच व्यायाम." आईला झाडलोटीत हातभार लावणं चांगलंच. पण पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतलं आठ वर्षांचं पोर पाणी वाहतं, धाकटं भावंड सांभाळतं आणि शाळेला मुकतं. डोक्यावरचा हंडा त्याच्या वयाला पेलणारा नसतो, आणि दमलं तरी थांबायची मुभा त्याला नसते. खेळात मूल हवं तेव्हा बसतं. म्हणून अशा कामाला व्यायाम म्हणून समाधान मानू नये.

घामाघूम मुलाला पाणी द्यायचं नाही, हा समज तर आपल्या उन्हाळ्यात घातकच. पाणी घोटाघोटाने, पण मागेल तेव्हा द्यावं. खेळून आल्यावर चहा-बिस्किटांपेक्षा बाजरीची भाकरी किंवा गूळ-शेंगदाणे बरे, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो. एप्रिल-मे महिन्यांत पोरांना सकाळी ऊन चढायच्या आत अंगणात सोडावं, भर दुपारी घरात ठिक्कर मांडावं, आणि उन्हं कलली की पुन्हा बाहेर.