कांद्याच्या पट्ट्यातली पेशी

आठवीच्या वह्या चाळताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. वनस्पतिपेशीची आकृती सगळ्यांची हुबेहूब सारखी: चौकट, आत केंद्रक, बाजूला हरितलवकं, उजवीकडे नावांचे बाण. पेशी पाहून काढलेल्या आकृत्या इतक्या सारख्या येणार नाहीत. निफाड तालुक्यातल्या एका शाळेतल्या मॅडम 'पेशी व पेशीअंगके' हा धडा सूक्ष्मदर्शकापासून सुरू करतात असं कळलं, म्हणून मी लासलगावच्या बाजूला गेले.

प्रयोगशाळेच्या दारातच कांद्याचा उग्र वास आला. मुलं 48, चालू सूक्ष्मदर्शक दोन. "आणि तास 35 मिनिटांचा," मॅडम म्हणाल्या. म्हणजे एकेकाच्या वाट्याला दीड मिनिटही नाही. ही तूट त्या फोल्डस्कोपने भरून काढतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी बनवलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक साधारण 140 पट मोठं दाखवतो. चार-पाच जणांत एक आला की मुलांना रांगेत ताटकळावं लागत नाही.

काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात लाल कांद्याचा जांभळा पापुद्रा, वर कव्हर स्लिप. पापुद्रा सोलायला कुणाला शिकवावं लागलं नाही. बहुतेकांच्या घरी कांद्याचीच शेती.

"दिसली मॅडम! गोल आहे, काठ काळाकुट्ट." पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली. मी डोकावले. हवेचा बुडबुडा होता. मॅडमही डोकावल्या, पण काही बोलल्या नाहीत. "दिसतंय तसं वहीत काढ," एवढंच म्हणाल्या. तिचं काढून झाल्यावर त्यांनी तिच्या हातात टाचणी दिली. "आता काच हलकेच दाब बरं." गोल सरकला, दुभंगला, त्याचे दोन झाले. "पेशी अशी पळेल का गं?" मुलीने पुन्हा डोळा लावला, आणि आता तिला बुडबुड्याच्या पलीकडच्या लांबट, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, जांभळ्या रंगाने भरलेल्या पेशी दिसल्या. तिने बुडबुडा खोडला नाही. त्याला बाण काढून 'हवा' लिहिलं आणि शेजारी पेशींची ओळ काढली. सबंध वर्गातलं ते पान मला सर्वांत मोलाचं वाटलं. पेशी कोणती आणि काय पेशी नाही, हे तिने स्वतः ठरवलं होतं.

मग मिठाचं पाणी. कव्हर स्लिपच्या एका कडेला थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. पाणी खालून ओढलं जातं. थोड्या वेळात जांभळा रंग आक्रसून भिंतीपासून सुटू लागला. रंग असतो रिक्तिकेत. बाहेर मीठ जास्त, म्हणून आतलं पाणी पटलातून बाहेर जातं; रंग मात्र पटल ओलांडू शकत नाही, म्हणून आकसलेल्या जागेत तो गडद होतो. पेशीभित्तिका जागची हलत नाही. रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाच्या कापात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. इथे आठवीतली मुलं जिवंत पेशी पाहत होती.

"मॅडम, चाळीत कांद्याची घट होते ती हीच का?" मागून एका मुलाने विचारलं. मॅडमचा चेहरा खुलला. "पाणी जातं हे खरं. पण तिथे ते हवेत उडून जातं, शिवाय कांदा श्वसन करतो, त्यातही वजन घटतं. इथे पाणी मिठामुळे बाहेर आलं. आता साधं पाणी सोडून बघ." त्याने सोडलं. आक्रसलेला रंग हळूहळू पसरून भिंतीला टेकला. "भरली परत!" असं तो म्हणतो आहे तोच घंटा झाली. निम्म्या मुलांचं मिठाचं पाणीही सोडून झालं नव्हतं.

35 मिनिटं. पापुद्रा नीट बसवण्यातच त्यातली दहा जातात. मॅडमनी मुख्याध्यापकांकडे शनिवारी दोन तास जोडून मागितले आहेत. होकार अजून आलेला नाही. चाचणीत गुण मिळणार ते बाणांच्या आकृतीला, मग जोडतास कशाला, असं स्टाफरूममध्ये कुणी तरी म्हणालं. चाळीतल्या घटीचा प्रश्न बाणांच्या आकृतीतून त्या मुलाला सुचला नसता. जोडतास द्यायलाच हवा, आणि चाचणीत निदान एक प्रश्न पाहून काढलेल्या आकृतीवर हवा, बुडबुड्यासकट.